‘गीतवर्षा’ : तापीकाठावरून ऐकताना

आपल्या रागसंगीतात पावसाला जेवढी जागा मिळाली आहे, तेवढी दुसऱ्या कोणत्याही निसर्गशक्तीला मिळालेली नाही. भूकंपाचा राग नाही, समुद्राचा नाही. अग्नीच्या नावावर दीपकाची दंतकथा तेवढी आहे. पाऊस मात्र मेघ, मियाँ मल्हार, गौड मल्हार, सूर मल्हार, रामदासी मल्हार असा सबंध गोतावळा घेऊन बसला आहे. आषाढ लागला की गवयाने मल्हार गावा आणि श्रोत्याने मान डोलवावी, हा रिवाज एवढा अंगवळणी पडला आहे की या मल्हारांतला पाऊस नेमका कुठला, कुणाचा आणि कशासाठी आलेला, हे विचारावे असे सहसा कुणाला वाटत नाही.

हा प्रश्न ज्या एका रचनेमुळे विचारता येतो, ती म्हणजे कुमार गंधर्वांची ‘गीतवर्षा’. तिला रचना म्हणावे की कार्यक्रम, याविषयी मतभेद होऊ शकतील. ती एक बंदिश नाही आणि एक रागही नाही. उन्हाळ्याच्या अखेरच्या काहिलीपासून पाऊस ओसरेपर्यंतचा सारा ऋतू बंदिशी आणि लोकगीते यांच्या माळेत ओवलेली अशी ती एक सलग मैफल आहे. ‘गीत हेमंत’ आणि ‘गीत वसंत’ ही तिची भावंडे. परंतु तिघांत ‘गीतवर्षा’ थोरली वाटते, कारण हेमंत आणि वसंत हे ऋतू आहेत आणि पाऊस हा ऋतू असून शिवाय एक शक्ती आहे. माणसाचे वर्षभराचे अन्न ती ठरवते आणि कधी कधी माणसाचे घरही नेते.

ही मैफल सुरतेत बसून ऐकताना जे सुचले, ते सीमाभागातल्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. सुरतेचा संबंध कुमारांच्या चरित्राशी जोडण्याचा हा खटाटोप नव्हे. पण पावसाचे गाणे पारखायचे तर ज्या गावाने पावसाचा उपकार आणि अपकार दोन्ही सोसले आहेत, तिथल्या कानांनी ते एकदा तरी पारखून पाहावे, असे वाटते.

*

प्रथम या संगीताच्या जातीविषयी. पाश्चात्त्य देशांत ‘चेंबर म्युझिक’ नावाचा एक प्रकार आहे. राजवाड्याच्या किंवा घराच्या दालनात मोजक्या वादकांनी मोजक्या श्रोत्यांसाठी वाजवायचे संगीत. शंभर वाद्यांचा गदारोळ तिथे नसतो. प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा ऐकू येतो आणि वादक एकमेकांशी बोलत असल्यासारखे वाजवतात. आपली बैठक ही याच जातीची. दोन तानपुरे, तबला, पेटी, मागे साथीला एखादा गळा, आणि समोर जाजमावर बसलेली पन्नास माणसे. ‘गीतवर्षा’ मोठ्या सभागृहात झाली तरी तिचा पिंड बैठकीचाच राहतो.

अशा लहानशा खोलीत आभाळ कसे आणायचे, हा या प्रकारातला खरा पेच आहे. पाश्चात्त्यांकडे याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर विवाल्दीचे. त्याचे ‘चार ऋतू’ १७२५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापले गेले. चार रचना, प्रत्येकीचे तीन भाग, आणि प्रत्येक रचनेसोबत एकेक सुनीत छापलेले. व्हायोलिनच्या तारांवर वेगाने उतरणाऱ्या स्वरांच्या लडींनी तो वादळ उभे करतो. वाद्ये मूठभर, पण ढगांचा गडगडाट, विजेचा लखलखाट, पक्ष्यांची किलबिल हे सारे त्यात स्पष्ट ओळखता येते. त्यातली एक गोष्ट इथे लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे. त्याच्या ‘ग्रीष्मा’चा शेवट गारपिटीत होतो आणि त्या गारा उभे पीक झोडपून काढतात, असे सोबतच्या सुनीतातच सांगितले आहे.

आपला मार्ग वेगळा. मियाँ मल्हारात ढगाचा आवाज कुणी काढून दाखवत नाही. गवई मंद्र सप्तकात उतरतो, कोमल आणि शुद्ध असे दोन्ही निषाद एकाला लागून एक घेतो, कोमल गंधारावर हळूहळू आंदोलने देतो. हे आंदोलन म्हणजे मेघगर्जनेची नक्कल नव्हे. आभाळ भरून आले की छातीत जे जडपण दाटते, ते त्यात असते. विवाल्दी पाऊस दाखवतो, मल्हार पावसाखालचे मन दाखवतो. एक श्रेष्ठ आणि दुसरे कनिष्ठ असे यात काही नाही. पण मन दाखवायचे म्हटले की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : कुणाचे मन?

*

मल्हाराच्या जुन्या बंदिशी पाहाव्यात. त्यांत बहुधा एक विरहिणी असते, परदेशी गेलेला प्रियकर असतो, पपीहा आणि मोर असतात, काळी घटा असते. पाऊस आला की प्रियकर येईल, किंवा पाऊस आला तरी तो आला नाही. म्हणजे पाऊस हा निरोप्या. तो हवाहवासा, वाट पाहण्याजोगा, उशिरा येणारा. या बंदिशींत पावसाची भीती आलीच तर एकटेपणाची असते, पाण्याची नसते.

असे का व्हावे? माझ्या मते याचे उत्तर भूगोलात आहे. या रागांची आणि बंदिशींची जडणघडण प्रामुख्याने ग्वाल्हेर, दिल्ली, आग्रा, राजपुताना अशा उन्हाने होरपळणाऱ्या मुलखांत झाली. तिथे पाऊस म्हणजे सुटका. गुजरातेतली ताना-रीरीची कथा हेच सांगते. दीपक गाऊन तानसेनाच्या अंगाचा दाह झाला आणि वडनगरच्या या दोघी बहिणींनी मल्हार गाऊन तो शमवला, अशी ती दंतकथा. इतिहास म्हणून तिची किंमत काहीही असो, पावसाविषयीची त्या मुलखाची समजूत तिच्यात स्वच्छ उतरली आहे. तिथे पाऊस हे औषध आहे. उत्तर गुजरातेतल्या कोरड्या वडनगरात ही कथा रुजणे साहजिक होते.

परंतु हेच संगीत पुढे ज्यांनी कळसाला नेले, त्यांतले कितीतरी गायक-गायिका पाऊस धो धो कोसळणाऱ्या प्रदेशातले होते. गोव्याचेच उदाहरण घ्या. मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी गाव आज साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावाचे अवशेष वर येतात, लोक जाऊन आपल्या घरांची जोती पाहून येतात आणि पाऊस सुरू झाला की गाव पुन्हा बुडते. ज्या थोर गायिकेच्या आडनावातच हे गाव आहे, तिच्या परंपरेतल्या मल्हारात मात्र पाऊस उत्तरेकडचाच राहिला. हा दोष कुणा एकीचा नव्हे. बंदिश ही वारशाने मिळते, आणि वारशात आभाळही दुसऱ्याचेच मिळते.

*

कुमार गंधर्वांनी नेमके हे वारशाचे आभाळ बदलले. ते कसे बदलले, हे समजण्यासाठी त्यांच्या आयुष्यातल्या एक-दोन गोष्टी आठवाव्या लागतील. या अंकाच्या वाचकांना त्या विशेष जवळच्या वाटतील.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी इथे झाला. घरची भाषा कानडी. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी लहानपणीच मिळाली. संगीताचे शिक्षण मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे, म्हणजे मराठी वातावरणात. आणि १९४८च्या जानेवारीत क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत ते माळव्यातल्या देवासला गेले, ते कायमचेच. पुढची पाच-सहा वर्षे गाणे बंद होते. ज्या माणसाने लहान वयात सभा गाजवल्या, त्याला खाटेवर पडून नुसते ऐकावे लागले. त्यांनी काय ऐकले? आसपासच्या बायकांची गाणी, दारावरून जाणाऱ्यांची भजने, सणावारांचे आणि पेरणी-कापणीचे सूर. भाषा माळवी. ती ना आईची, ना गुरूची.

या ऐकण्यातून पुढे जे निघाले ते सर्वश्रुत आहे. लोकधुनांतून त्यांनी नवे राग शोधले, त्यांना ‘धुनउगम’ राग म्हटले आणि १९६५ साली ‘अनूपरागविलास’मध्ये आपल्या बंदिशींसह प्रसिद्ध केले. एरवी राग हा शास्त्राच्या शिखरावरून खाली येतो अशी आपली समजूत. कुमारांनी तो जमिनीतून वर येतो असे दाखवले. त्या वेळी पुष्कळांना हे रुचले नाही. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी नाके मुरडली. वामनराव देशपांड्यांसारख्या अभ्यासू रसिकाने मात्र त्यांच्या गाण्याचा विचार मनापासून केला.

‘गीतवर्षा’ हे या शोधाचेच फळ आहे. म्हणून तिच्यात लोकगीत हे चवीपुरते आलेले नाही. पुष्कळदा असे होते की गवई तासभर ख्याल गातो आणि शेवटी श्रोत्यांना हलके वाटावे म्हणून एखादी कजरी किंवा झूला म्हणतो. इथे तसे नाही. रागातली बंदिश आणि माळव्यातले गाणे एकाच पंगतीला बसतात. चार-पाच स्वरांत फिरणारी एखादी धून येते आणि तिच्या शेजारी मल्हाराची बंदिश आली की श्रोत्याला आपोआप कळते की हे दोघे एकाच घरचे आहेत. एक अंगणात राहिला, दुसरा शिकायला गेला, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट क्रमाची. मैफलीचा जो रूढ क्रम असतो, म्हणजे बडा ख्याल, छोटा ख्याल, मग ठुमरी आणि भैरवी, तो इथे बाजूला ठेवला आहे. इथे क्रम ऋतूचा आहे. आधी तलखी, मग वाट पाहणे, मग चाहूल, मग येणे, मग भरात येणे आणि शेवटी ओसरणे. संगीताच्या बाहेरचा क्रम संगीतावर लादला, असा आक्षेप यावर घेता येतो. राग हा स्वयंपूर्ण असतो, त्याला कथेचा टेकू कशाला, असे शुद्धतावादी विचारतील. आक्षेप बिनबुडाचा नाही. ऋतूंच्या, सणांच्या नावाने पुढे निघालेले कितीतरी कार्यक्रम निवेदनाच्या काठीवर चालतात आणि गाणे लंगडेच राहते. पण कुमारांच्या क्रमाने एक गोष्ट साधली, जी सुट्या मल्हाराला कधी साधली नव्हती. त्याने पावसाला काळ दिला. सुट्या बंदिशीतला पाऊस एका क्षणात थांबलेला असतो, चित्रातल्यासारखा. ‘गीतवर्षे’तला पाऊस येतो आणि जातो. त्याला आधी आहे आणि नंतर आहे. शेतकरी पाऊस असाच ओळखतो. मृगाचा, आर्द्रांचा, मघांचा आणि हस्ताचा पाऊस त्याच्या लेखी वेगवेगळा असतो.

तिसरी गोष्ट गळ्याची. कुमारांचे एक फुप्फुस आजाराने निकामी झाले होते. त्यांच्या गाण्यातल्या आखूड, झपकन येऊन थांबणाऱ्या स्वरवाक्यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. काहींनी त्याला दमसास कमी पडण्याचा परिणाम मानले, काहींनी शैली मानले. पाऊस गाताना या भांडणाला अर्थ उरत नाही. सर येते, थांबते, पागोळ्यांचा आवाज राहतो, पुन्हा सर येते. मधल्या थांबण्यात तानपुरे बोलत राहतात. तानपुरा अतिशय काळजीने मिळवण्याचा त्यांचा जो ध्यास होता, त्याचे मोल अशा जागी कळते. त्या भरलेल्या शांततेत जे वातावरण उभे राहते, ते लांबलचक तानेने मोडले असते.

*

इथवर सारे गुणगान झाले. आता सुरतेकडे वळू या.

सुरत ही तापीच्या मुखापाशी वसलेली नगरी. तापी उगम पावते मध्य प्रदेशातल्या मुलताईला, आणि सातपुड्याच्या कडेने, बऱ्हाणपूर, भुसावळ, धुळे, नंदुरबार असा मुलूख ओलांडून सुमारे ७२४ किलोमीटरांनी सुरतेजवळ समुद्राला मिळते. म्हणजे इथे येणारे पाणी बहुतांशी इथल्या पावसाचे नसतेच. ते खानदेशचे आणि सातपुड्याचे असते. बंगालच्या उपसागरातून निघालेली कमी दाबाची क्षेत्रे पश्चिमेकडे सरकताना या खोऱ्यावरून जातात. नदीही पश्चिमेलाच वाहते. पाऊस आणि नदी एकाच दिशेने चालू लागले की वरच्या पाण्यात वाटेतले पाणी मिसळत जाते आणि लोंढा वाढत वाढत खाली येतो. त्यात समुद्राला भरती असली की पाणी तुंबते.

१९६८च्या ऑगस्टमध्ये असे झाले. १९७२ साली उकाईचे धरण पूर्ण झाले. त्याच्या पाण्याखाली शंभराहून अधिक गावे गेली, त्यांत बहुतेक आदिवासींची. आता पूर येणार नाही, अशी शहराची खात्री झाली. आणि २००६च्या ऑगस्टमध्ये, नेमक्या राखीपौर्णिमेच्या आठवड्यात, उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. अडाजण-रांदेरकडच्या घरांचे खालचे मजले पाण्यात गेले. माणसे गच्चीवर बसून राहिली. पाणी उतरल्यावर भिंतींवर जी चिखलाची रेघ उरली, ती कितीतरी घरांनी रंग देताना मुद्दाम तशीच ठेवली.

कृष्णाकाठच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या साली कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव भागाने हेच पाहिले. धरण कुणाचे, पाणी कुणी सोडले, कुणी अडवले, हे वादही तेच. नदी दोन भाषांतून वाहू लागली की पूरही दोन भाषांत भांडतो.

हे सारे डोळ्यांपुढे असताना ‘गीतवर्षा’ ऐकली की एक उणीव जाणवते, ती सांगायला हवी. पाऊस भरात येतो तिथे गाण्याला जोर चढतो. पण माझ्या कानांना तिथे भय ऐकू येत नाही. बरसणे आहे, बुडणे नाही. पाऊस तुडुंब भरतो, पण कुणाच्या उंबऱ्याच्या आत शिरत नाही. विवाल्दीच्या गारा पीक झोडपतात, त्याच्या छोट्याशा वाद्यमेळात नुकसानीला जागा आहे. बीथोव्हेनच्या १८०८ सालच्या ‘पॅस्टोरल’ सिंफनीतही गावकऱ्यांची जत्रा वादळाने उधळली जाते आणि मगच कृतज्ञतेचे गाणे येते. आपल्या मल्हाराने, आणि ‘गीतवर्षे’नेही, ही बाजू मोकळी सोडली आहे.

यावर कुणी म्हणेल की भयानक हा रागसंगीताचा रस नव्हे, रागाने सुंदरच असावे. ही पळवाट झाली. दुःख गाता येते, विरह गाता येतो, कबीराच्या निर्गुणी भजनांत मृत्यूही गाता येतो, आणि तो कुमारांइतका थेट कुणी गायलेला नाही. मग पूर का गाता येऊ नये? दुसरे कुणी म्हणेल की माळव्यात पूर कुठे येतो? हे उत्तर मात्र खरे आहे, आणि मला वाटते तेच या रचनेचे मर्म आहे. देवासचे पाणी क्षिप्रा-चंबळेच्या वाटेने यमुनेला जाते. कालिदासाचा मेघ ज्या उज्जयिनीवरून गेला, ती तिथून हाकेच्या अंतरावर आहे. उंच पठार, काळी माती, पाण्याला वाहून जायला वाट. तिथला पाऊस रागावला तरी घर बुडवणारा नव्हे. कुमारांनी जो पाऊस ऐकला तोच गायला. न ऐकलेला पूर त्यांनी गायला असता तर ती कारागिरी झाली असती.

म्हणजे ज्याला आपण उणीव म्हणतो, तो त्या रचनेचा प्रामाणिकपणा आहे. आणि मग प्रश्न उलटा आपल्याकडे येतो.

*

कानडी घरात जन्मलेला, मराठीत शिकलेला एक माणूस परक्या मुलखात जाऊन पडला आणि तिथल्या बायकांच्या गाण्यांतून त्याने तिथला पाऊस उचलला. मराठीशी नाते तोडून नव्हे. भा. रा. तांब्यांच्या कविता आणि तुकारामांचे अभंग त्यांनी तेवढ्याच मायेने गायले. पण ज्या गावात राहायचे, त्या गावाचे आभाळ त्यांनी परके मानले नाही.

आम्ही सुरतकर मराठी माणसांनी काय केले? इथे मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेल्यांची वस्तीच्या वस्ती आहे. मागावर काम करणारे हात बरेचसे त्यांचे. जी माणसे तापीच्या वरच्या अंगाला जन्मली, ती तापीच्याच कडेने पोटासाठी खाली आली. गणपतीत, कोजागिरीला आमची मंडळे गाण्याचे कार्यक्रम करतात. आषाढात मल्हार होतो. गवई मुंबई-पुण्याहून येतो, बंदिश ब्रजभाषेतली असते, आणि बाहेर तापी काठोकाठ वाहत असते. आतल्या गाण्याला तिची दखल नसते. श्रोत्यांनाही काही खटकत नाही.

तापीचे गाणे नाहीच असे मात्र नव्हे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांतून कानबाई बसते. सुरतेतही बसते. रात्रभर बायका अहिराणी गाणी म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत देवीला पाण्याकडे नेतात. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी पेरणी, पाऊस आणि माती यांच्याविषयी त्याच मुलखाच्या बोलीत जे रचले, ते त्यांच्यामागे १९५२ साली छापले गेले आणि मराठी कवितेला हादरा बसला. इकडे तापीला सूर्यकन्या मानून आषाढ शुद्ध सप्तमीला गुजराती बायाबापे तिला चुंदडी वाहतात. सुरतेच्या नर्मदाने गेल्याच्या आधीच्या शतकात गुजरातीत ऋतूंचे वर्णन केले. सामग्री दोन्ही भाषांत पडून आहे. तिच्याकडे कानबाईची गाणी, देवीची गाणी, सणाची गाणी एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. यांत एखादा राग दडलेला असेल, ही शंकाही कुणाला येत नाही. देवासच्या गल्लीतल्या बायकांच्या गाण्यांविषयीही कुमार येण्यापूर्वी ती कुणाला आली नसावी.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. लोकगीत उचलून त्याला पेटी-तबला जोडला की ‘गीतवर्षा’ होत नाही. असे प्रयोग उदंड झाले आणि विसरलेही गेले. कुमारांनी धुनेचे स्वर तपासले, त्यांतले कोणते मुक्कामाचे, कोणते जाता-येताचे, हे पाहिले, रागाच्या कसोटीला लावून जी टिकली तीच ठेवली. गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांनी ‘गांधी मल्हार’ बांधला, तेव्हाही मल्हाराचे अंग आधी सांभाळले आणि मगच त्याला नवे नाव दिले. नाव मोठे होते म्हणून सूर सैल सोडले नाहीत. पुराचा राग कुणाला बांधायचा असेल तर त्यालाही हीच शिस्त पाळावी लागेल. २००६चा पूर हा विषय म्हणून कितीही मोठा असला तरी रडवेल्या निवेदनाने तो गाण्यात उतरणार नाही. पाणी उतरल्यावर जी शांतता पसरते, कुत्रेही भुंकत नाही अशी, ती ज्याला दोन तानपुऱ्यांत ऐकू येईल, त्याचे ते काम आहे.

आणि ते काम कुण्या मोठ्या गवयानेच करावे असेही नाही. सीमाभागातल्या घरांतून गाणे शिकणारी मुले आज पुष्कळ आहेत. परीक्षांची पुस्तके त्यांना मियाँ मल्हाराचे आरोह-अवरोह शिकवतात. ते शिकावेतच. पण त्याबरोबर आजीला अहिराणी, कानडी, कोकणी किंवा गुजराती जे काही गाणे पावसाचे येत असेल, ते एकदा बसून ऐकावे, स्वर लिहून काढावेत, गुरुजींना दाखवावे. गुरुजी रागावले तर रागावू द्यावेत.

‘गीतवर्षा’ ही माळव्याच्या पावसाची थोर रचना आहे. तिची ध्वनिमुद्रणे सुरतेत किंवा बेळगावात लावून आपण खुशाल आनंद घ्यावा. फक्त तो आपला पाऊस आहे, असा समज करून घेऊ नये. सुळेभावीच्या मुलाने देवासला जे केले, ते तापीकाठी आणि कृष्णाकाठी अजून व्हायचे आहे. ते होईपर्यंत आपल्या बैठकींतला मल्हार सुरेल असेल, घरंदाज असेल, पण तो पाहुणाच राहील.